समुद्राची ओढ

घाटावरील पुष्कळ मंडळी सुटींत कोंकणांत जातात, आणि विहिरींत किंवा नदींत पोहतां येतें म्हणून समुद्रांत निर्धास्त उतरतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूड येथें सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी समुद्रांत बुडून मरण पावले. यास्तव समुद्राच्या ओढीविषयीं आपण सर्वांनीं शिकून घेणें अगत्याचें आहे.

ओढ कशी उत्पन्न होते? लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटतात, व तें परत जाण्यास वाट शोधतें. पाण्याखालीं वाळूचे बांध असतात. त्यांत जेथें खिंड पडली असेल तेथून, अथवा खडकांच्या कडेनें, तें एकवटून बाहेर धांवतें. त्याचा वेग कधीं कधीं सेकंदास ८ फुटांपर्यंत जातो. त्यापुढें पटाईत पोहणाराहि टिकत नाहीं.

ती ओळखावी कशी? दोहों बाजूंस लाटा फुटत असतां मध्येंच एक पट्टा शांत दिसतो. तेथील पाणी बहुधा गढूळ असतें, व फेस बाहेर वाहत जातो. अजाण मनुष्य तीच जागा सुरक्षित समजून तेथें उतरतो.

सांपडल्यास काय करावें? ही ओढ मनुष्यास तळाशीं नेते असा समज आहे, परंतु तो खरा नव्हे. ती त्याला बाहेर नेते. तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे झुंजतो व थकून बुडतो. म्हणून प्रथम तरंगत राहावें, हात वर करून हांक मारावी. अंगीं बळ असल्यास किनाऱ्याला समांतर पोहावें. पट्टा बहुधा अरुंद असतो. त्यांतून सुटल्यावर लाटांबरोबर तिरपें किनाऱ्यास यावें.

दुसरा बुडत असल्यास? मायेपोटीं उडी घालणारेहि पुष्कळदां प्राणांस मुकतात. दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झांकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेंकावा, कोळी बांधवांस बोलवावें, व ११२ या क्रमांकावर कळवावें.

सर्वांत उत्तम उपाय हा कीं, पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं तेथील कोळ्यांस विचारावें, आणि त्यांनीं नको म्हटल्यास उतरूं नये.

मुलांस विचारावयाचे प्रश्न :
१. शांत दिसणारा पट्टा धोक्याचा कां?
२. ओढींत सांपडलेल्यानें कोणत्या दिशेस पोहावें?
३. पाण्यांत न उतरतां बुडणाऱ्यास साहाय्य कसें करावें?