आकाश एका वर्तुळात

प्रस्तावना

माहितीपर लेखनात भाषेवर एक वेगळीच जबाबदारी येऊन पडते. डोळ्यांना जे दिसते, ते तसेच का दिसते, हे तिला नेमक्या शब्दांत सांगावे लागते. प्रस्तुत पाठात कृष्णधवल छायाचित्रणातील एका छोट्याशा अडचणीची हकिगत आली आहे. ज्या भिंगात सारे आकाश मावते, त्या भिंगापुढे रंगीत काच बसवता येत नाही, ही ती अडचण. तिच्यावर शोधलेला उपाय आणि त्या उपायाचा पुढे झालेला उपयोग समजून घेताना लेखक कारण आणि परिणाम यांची जोडणी कशी करतो, याकडेही लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर रंगीत फिल्टरमुळे कृष्णधवल छायाचित्रात काय पालटते, हे तुम्हांला सांगता येईल. फिशआय भिंगात फिल्टर कोठे व का बसवतात, हे स्पष्ट करता येईल. तसेच कार्यकारणभाव दाखवणारी वाक्ये ओळखून तशी वाक्ये रचता येतील.

मूळ पाठ

निळ्याभोर आकाशात पांढऱ्या ढगांचे पुंजके तरंगत असतात. डोळ्यांना ते किती ठसठशीत दिसतात! पण तेच दृश्य कृष्णधवल फिल्मवर टिपले, की पुष्कळदा ढग हरवून जातात. छायाचित्रात उरतो तो एक पांढुरका, सपाट पडदा. यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. निळा आणि पांढरा यांतील फरक डोळा रंगावरून ओळखतो. फिल्मजवळ मात्र रंग नसतात, केवळ उजेडाची कमीअधिक मात्रा असते. शिवाय फिल्म निळ्या प्रकाशाला डोळ्यांपेक्षा अधिक दाद देते. त्यामुळे निळे आकाश तिच्यावर जवळजवळ ढगाइतकेच उजळ उमटते.

यावरचा उपाय म्हणजे रंगीत काच, अर्थात फिल्टर. फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. हवेतील रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून आकाश निळे दिसते. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो. ढगांतील जलबिंदू मात्र रेणूंच्या मानाने कितीतरी मोठे असतात आणि ते सर्व रंग सारखेच विखुरतात. आता भिंगावर तांबडी काच चढवली तर काय होईल? आकाशाचा निळा प्रकाश अडेल आणि आकाश काळवंडेल. ढगांच्या पांढऱ्या प्रकाशातील तांबडा भाग मात्र आत येईल आणि ढग उजळ राहतील. पिवळ्या काचेने हा फरक सौम्य दिसतो, नारिंगी काचेने वाढतो, तर तांबड्या काचेने तो नाट्यमय होतो.

या नाट्याची किंमत मोजावी लागते. पिवळ्या फिल्टरला प्रकाश सुमारे दुप्पट द्यावा लागतो, तर गडद तांबड्याला आठपट. म्हणजे जेथे सेकंदाचा १/१२५ भाग पुरला असता, तेथे १/१५ लागतो, आणि हातात धरलेला कॅमेरा एवढा वेळ स्थिर राहीलच असे नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. सावलीत पोहोचणारा उजेड मुख्यतः निळ्या आकाशाकडून आलेला असतो. तांबडी काच तोही अडवते, म्हणून सावल्या अपेक्षेपेक्षा अधिक काळ्या पडतात.

साध्या भिंगाच्या तोंडाशी आटे असतात. त्यांवर फिल्टर फिरवून बसवला की काम झाले. खरी पंचाईत होते ती फिशआय भिंगापाशी.

फिशआय म्हणजे माशाचा डोळा. हे नाव १९०६ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी रूढ केले. पाण्यातल्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल, असा त्यांचा प्रश्न होता. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे १८० अंशांचे दृश्य पाण्याखाली सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आकसून येते. वुड यांनी पाण्याने भरलेल्या बादलीत छायाचित्रणाची काच आणि सूचिछिद्र यांची योजना करून हे दृश्य प्रत्यक्ष टिपले. ढगांच्या नोंदीसाठी बादलीऐवजी काच वापरण्याचा प्रयत्न पुढे १९२२ मध्ये डब्ल्यू. एन. बाँड यांनी केला. १९२४ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाश टिपणारे भिंग सिद्ध केले आणि लंडनच्या बेक कंपनीने ते तयार केले. बाहेरून फुगीर व आतून खोलगट असे या भिंगाचे दर्शनी अंग होते. कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवायचा. खमध्य चित्राच्या मध्यभागी येतो आणि क्षितिज परिघावर. हवामानशास्त्रज्ञांना एका काचेवर आकाशाचा संपूर्ण नकाशा मिळू लागला.

विचार करा : नेहमीच्या आयताकृती छायाचित्रात क्षितिजाची जी रेषा सरळ दिसते, ती येथे वर्तुळ का होते?

आता या भिंगापुढे सपाट तांबडी काच धरून पाहू. भिंगाचा फुगीर भाग चौकटीच्या बाहेर डोकावत असल्याने ती जवळ नेताच टेकेल. दूर धरली तर तिची कड चित्रात येईल, कारण या भिंगाला आपल्या अगदी बाजूचेही दिसते. काच कितीही मोठी घेतली, तरी क्षितिजाजवळून येणारे किरण तिला जवळजवळ समांतर घसटत जाणार. एवढ्या तिरक्या किरणांतला बराचसा प्रकाश काचेच्या पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो. आत शिरतो तो अगदी थोडा. म्हणजे मधला ढग टिपला जाईल आणि कडेचा हरवेल. ज्याच्यासाठी हे भिंग घडवले, तोच हेतू फसेल.

तेव्हा फिल्टर पुढे नको, तो आत हवा. निक्कॉर नावाने १९६२ मध्ये आलेल्या ८ मिलिमीटरच्या फिशआय भिंगात हीच युक्ती केली होती. भिंगाच्या पोटात एक फिरती चकती आणि तिच्यावर सहा काचा : एक जवळजवळ रंगहीन, दोन पिवळ्या, एक नारिंगी, एक तांबडी आणि एक हिरवी. बाहेरचे कडे फिरवले की हवी ती काच प्रकाशाच्या वाटेत येई. पुढच्या अंगाने तिरके किरण आधीच बरेच सरळ केलेले असल्यामुळे आतली काच लहान असली तरी चाले. या भिंगाचा मागचा भाग कॅमेऱ्यात खोलवर शिरत असल्याने कॅमेऱ्याचा आरसा वर अडकवून ठेवावा लागे. म्हणून छायाचित्रकाराला भिंगातून काही पाहता येत नसे. वेगळ्या दर्शकातून अंदाज घ्यायचा आणि तांबड्या काचेने आकाश किती काळवंडेल, हे अनुभवाने ठरवायचे. आजच्या विद्यार्थ्याला हे गैरसोयीचे वाटेल. पण आकाशाकडे नीट पाहण्याची सवय लागायला यापरते चांगले साधन नसावे.

कडे फिरवताना एक प्रश्न मनात यायला हवा. रंग नकोच असेल, तर चकतीवर रंगहीन काच कशाला? जागा मोकळी ठेवली असती तर? उत्तर प्रकाशाच्या वाटचालीत आहे. किरण एका बिंदूकडे एकवटत असताना वाटेत काच आली, की ते जिथे मिळायचे तो बिंदू काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश अंतराने मागे सरकतो. दीड मिलिमीटर जाडीची काच तो अर्धा मिलिमीटर सरकवते. इतक्या लहान केंद्रांतराच्या भिंगात एवढा फरकही चित्र धूसर करण्यास पुरेसा असतो. म्हणून अशा भिंगाच्या आखणीत फिल्टरची जाडी आधीच हिशेबात धरलेली असते. १९७९ मध्ये आलेल्या १६ मिलिमीटरच्या निक्कॉर फिशआयमध्ये चकती गेली आणि फिल्टर भिंगाच्या मागच्या तोंडाशी बसू लागले. पण कोणता ना कोणता फिल्टर सदैव जागेवर हवा, हा नियम कायम राहिला. बाहेरून जोडलेली वस्तू म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तो येथे भिंगाचाच एक अवयव आहे. १९८७ च्या कॅननच्या १५ मिलिमीटर फिशआयमध्ये मागच्या बाजूला जिलेटीनचा पातळ पापुद्रा सरकवण्याची सोय होती. हा पापुद्रा इतका पातळ असतो, की त्याने होणारा फरक नगण्य ठरतो.

ध्रुवक फिल्टरही आकाश गडद करतो, मग तो का नाही, असे कोणी विचारील. आकाशाच्या प्रकाशाचे ध्रुवण सर्वत्र सारखे नसते. सूर्यापासून ९० अंशांवर ते सर्वाधिक असते. सारे आकाश एका वर्तुळात आले, की या फिल्टरमुळे त्यावर मधोमध एक काळा पट्टा उमटतो, आणि तो ढगांच्या नोंदीत खोटेपणा आणतो. तांबड्या काचेनेही आकाश एकसारखे काळे होत नाही. खमध्याशी ते गडद आणि क्षितिजाशी फिकट येते. पण तो फरक आकाशाचाच असतो. क्षितिजाकडे पाहताना दृष्टी अधिक जाड हवेतून व धूसरतेतून जाते आणि तेथले आकाश मुळातच पांढरट असते.

येथवर तांबड्या काचेचा महिमा झाला. पण तोच कॅमेरा उघड्या माळावरून उचलून दाट झाडीत उताणा ठेवला, तर हिशेब उलटतो.

जंगलाच्या तळाशी उगवलेल्या रोपट्याला दिवसात किती ऊन मिळते, यावर ते जगणार की मरणार हे ठरते. हे ऊन मोजणे अवघड असते. पानांच्या फटींतून येणारे कवडसे क्षणाक्षणाला जागा बदलतात आणि ऋतुमानाने सूर्याची वाटही बदलते. १९५९ मध्ये इव्हान्स आणि कूंब या संशोधकांनी एक सुंदर मार्ग दाखवला. रोपाच्या जागी कॅमेरा ठेवून वरच्या पालवीचे अर्धगोल चित्र घ्यायचे आणि त्यावर सूर्याच्या मार्गाची आकृती ठेवायची. सूर्याची वाट जेथे फटीवरून जाते, त्या वेळी रोपाला ऊन मिळणार. अनेक फिशआय भिंगांत खमध्यापासूनचा कोन आणि चित्रातील अंतर यांचे प्रमाण सारखे असते. १९७० च्या ८ मिलिमीटर निक्कॉरमध्ये चित्रवर्तुळाचा व्यास २३ मिलिमीटर होता, म्हणजे दर १० अंशांना सुमारे १.३ मिलिमीटर. म्हणून अशा चित्रावर पट्टीने आकाश मोजता येते.

हे मोजमाप खरे ठरायचे तर पान काळे आणि फट पांढरी, असा स्वच्छ निवाडा चित्रात व्हायला हवा. येथे तांबडी काच घातक ठरते. ती निळ्या फटी काळवंडवते. त्या पानांत मिसळून जातात आणि जंगल आहे त्याहून अंधारे भासते. याउलट निळ्या प्रकाशात आकाश सर्वांत उजळ असते आणि पाने सर्वांत काळी, कारण पानांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते. म्हणून झाडीत निळा प्रकाश उपयोगी पडतो. शिवाय असे चित्र एकसारख्या ढगाळ आकाशाखाली किंवा सूर्योदयापूर्वी घेण्याचा प्रघात आहे. माळावर ज्याला टाळायचे, त्याचीच झाडीत गरज भासते.

या हकिगतीत एक मोठा योगायोग दडला आहे. आकाशाचे भिंग करणारे रॉबिन हिल हे व्यवसायाने जीवरसायनशास्त्रज्ञ. पेशीतून वेगळे काढलेले हरितकणही प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे त्यांनी १९३७ मध्ये दाखवले. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातील ही 'हिल अभिक्रिया' विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. वनस्पतींपासून रंग काढून त्यांनी चित्रे रंगवण्याचा त्यांना छंद होता. ढगांसाठी त्यांनी जी वाट काढली, तिच्यावरून पुढे झाडांखालचा उजेड मोजणारे आले. आणि तो उजेड मोजायचा तो हरितकणांच्याच कामासाठी.

आता रंगीत डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्रात तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन थर वेगवेगळे नोंदवतो. चित्र घेतल्यानंतर त्यांतला हवा तो थर निवडून कृष्णधवल चित्र करता येते. चकतीही लागत नाही आणि पापुद्राही. १९८० च्या दशकापासून विकसित झालेल्या आकाशनिरीक्षक यंत्रांतही तांबड्या आणि निळ्या प्रकाशाचे गुणोत्तर पाहून ढग कोणता व मोकळे आकाश कोणते, हे ठरवले जाते. मात्र २०१२ मध्ये आलेल्या लायका एम मोनोक्रोमसारख्या केवळ कृष्णधवल चित्र घेणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात हे थर नसतात. तेथे कोणता रंग अडवायचा, हे कळ दाबण्यापूर्वीच ठरवावे लागते.

शब्दार्थ

खमध्य – डोक्यावरचा आकाशातील सर्वोच्च बिंदू. सूचिछिद्र – सुईच्या टोकाएवढे छिद्र. केंद्रांतर – भिंगापासून, किरण जेथे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचे अंतर. ध्रुवण – प्रकाशलहरींचे कंपन एकाच दिशेत होणे. प्रघात – रूढ रीत.

स्वाध्याय

१. 'तेव्हा फिल्टर पुढे नको, तो आत हवा.' या निष्कर्षापर्यंत लेखक कोणकोणत्या कारणांनी आला, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. ढगांसाठी तांबडा आणि पालवीसाठी निळा, या विरोधामागील कारण पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

३. पाठातून 'म्हणून', 'त्यामुळे' आणि 'कारण' या शब्दांनी जोडलेले प्रत्येकी एक वाक्य शोधा. प्रत्येक वाक्यात कारण आधी आले आहे की परिणाम, ते सांगा.

४. तांबड्या आणि निळ्या जिलेटीन कागदातून एकाच झाडाकडे व त्यामागच्या आकाशाकडे आळीपाळीने पाहा. सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नका. पाने आणि आकाश यांच्या उजळपणात पडलेला फरक आठ-दहा ओळींत नोंदवा.