तबकडी उतरवून घेताना

सांगली, मिरज, सातारा भागातल्या घराघरांतल्या जुन्या तबकड्या आणि कॅसेट संगणकावर उतरवून देणं ही माझी आवड. "कॉपी केली तर चालतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी अनुभवाचे हे चार शब्द.

१. आधी साल शोधा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० ची रेकॉर्ड २०२० सरताना मोकळी झाली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या तर केव्हाच खुल्या झाल्या. लेबलावर बहुधा साल नसतं. मग तबकडी तिरप्या उजेडात धरून लेबलालगत कोरलेला नंबर वाचायचा आणि कंपनीच्या जुन्या यादीशी ताडून पाहायचा.

२. मुद्रण, शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले; त्यांच्या लावण्या आता सगळ्यांच्या. 'गीतरामायण' १९५५ चं, पण गीतकार गदिमा १९७७ साली आणि संगीतकार सुधीर फडके २००२ साली गेले. म्हणजे शब्दांवर २०३७ आणि चालींवर २०६२ अखेरपर्यंत हक्क आहे.

३. स्वतःसाठीची प्रत स्वतःपाशीच ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला रास्त मुभा देतं. तीच प्रत व्हॉट्सॲपवर गावभर फिरली, की खासगी कसली?

४. लग्नातली सूट वाजवण्यापुरती आहे. वरात आणि लग्नाचे सोहळे कलम ५२ मध्येच येतात. पण पेन ड्राइव्हमध्ये हक्क न संपलेली गाणी भरून विकायला परवानगी लागतेच. विनापरवाना धंद्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

५. मैफल टिपायची तर आधी कलाकाराला विचारा. वाईच्या यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंतांनी बैठकीच्या लावणीसाठी उभा जन्म वेचला. आपलं गाणं टिपू द्यायचं की नाही, हा गाणाऱ्याचा हक्क कायदा ५० वर्षं मानतो. होकार लेखी घ्या.

६. प्रत करताना नावं गाळू नका. २०१२ च्या दुरुस्तीनं कवी आणि संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का केला. नावच पुसलं गेलं, तर तो वाटा पोचवायचा कुणाकडे? फाइलला नाव देतानाच गायक, कवी, संगीतकार, साल आणि तबकडीचा नंबर लिहून टाका.