ओरडणाऱ्या यंत्राचं ऐका

ती तार पाकिटात घालून आमच्याकडे परत आली, तेव्हा मी ती पट्टीवर ठेवून मोजली. आठ मिलिमीटर. स्टेनलेस स्टीलची, एका टोकाला किंचित वळलेली. पुण्यातल्या एका बाईंना ती आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पुडीत सापडली होती. चमच्यात चमकली म्हणून दिसली, नाहीतर आमटीत गेली असती. सोबतच्या चिठ्ठीत एकच वाक्य होतं: घरात लहान मूल आहे.

सांगलीजवळच्या एका मसाला कारखान्यात मी एकोणीस वर्षं मेंटेनन्स बघतो. त्या तारेला अडवण्याचं काम पॅकिंगच्या पट्ट्यावरच्या मेटल डिटेक्टरचं होतं, आणि त्या डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी मी माझ्या हातानं कमी केली होती. ती का केली आणि त्याऐवजी काय करायला हवं होतं, हे लहान कारखान्यांत माझ्यासारखंच काम करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

सुरुवात महिनाभर आधी झाली. डिटेक्टर कारण नसताना वाजायला लागला. चांगल्या पुड्या बाजूला फेकायचा; त्याच पुन्हा सोडल्या की मुकाट निघून जायच्या. मी सगळ्यात आधी कंट्रोल बॉक्स उघडला. कनेक्टर साफ केले, जुन्या यंत्राचं कार्ड बसवून पाहिलं, मग परत पहिलं बसवलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या रात्री गाडी दारात उभी होती, माल अपुरा होता, सुपरवायझर डोक्यावर उभा होता. मी सेन्सिटिव्हिटी खाली आणली. आवाज थांबला. खात्रीसाठी लोखंडाचा टेस्ट पीस सोडला, तो पकडला गेला. मी वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि घरी गेलो.

चूक नेमकी तिथं झाली. लोखंड पकडणं डिटेक्टरला सगळ्यात सोपं. पितळ-तांबं त्याहून अवघड, आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यातलं स्टेनलेस स्टील सगळ्यात अवघड, कारण ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि वीजही फार चांगली वाहून नेत नाही. म्हणून तर आमच्या यंत्राला लोखंडाचा दीड मिलिमीटरचा गोळा पुरतो, पितळेचा दोनचा लागतो आणि स्टीलचा अडीचचा. मी सोपी परीक्षा घेतली. आपल्या कारखान्यात तुटून पडणारी वस्तू बहुधा स्टीलचीच असते. चाळणीची जाळी, पल्व्हरायझरचा तुकडा, स्क्रू. लोखंडी कण डिटेक्टरच्या आधीच वाटेतल्या चुंबकाला चिकटतात.

खरा दोष मला सापडला नाही. तो पॅकिंगच्या एका मावशींनी दाखवला. तक्रार आल्यावर पट्टा बंद करून आम्ही सगळे तिथं जमलो होतो. सेन्सिटिव्हिटी मूळ जागी आणली, तशी यंत्राची बोंब परत सुरू झाली. मावशी म्हणाल्या, “दादा, पलीकडची नवी चाळण चालू झाली की मगच ह्यो वरडतोय. पहिल्यापासनं बघतोय आमी.” पहिल्यापासून त्या बघत होत्या, आणि मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं.

चाळण बंद केली, डिटेक्टर शांत. चालू केली, ओरड सुरू. हात लावून पाहिलं तर पट्ट्याखालच्या आडव्या पट्टीचा एक बोल्ट ढिला. थरथरीनं तो सांधा क्षणात जुळायचा, क्षणात तुटायचा.

एका ढिल्या बोल्टनं एवढं का व्हावं, हे समजायला डिटेक्टर आतून कसा चालतो ते माहीत हवं. बोगद्यासारख्या त्या तोंडाभोवती तीन कॉइल असतात. मधली सतत उच्च वारंवारतेचं क्षेत्र सोडते. दोन बाजूंच्या दोन कॉइल ते क्षेत्र घेतात, पण त्या एकमेकींविरुद्ध जोडलेल्या असतात, त्यामुळे दोघींचा व्होल्टेज एकमेकांना खोडतो आणि बेरीज शून्य येते. धातूचा कण आधी एकीजवळून आणि मग दुसरीजवळून जातो, तो तोल ढळतो, आणि तेवढ्यावरून यंत्र ओळखतं. आता सांगाड्यातल्या लोखंडी पट्ट्या बोल्टनं जोडून एक बंद कडं तयार झालं, तर त्या कड्यातही या क्षेत्रामुळे बारीक प्रवाह फिरतो. तो स्थिर असेल तर यंत्र त्याला सांभाळून घेतं. पण सांधा ढिला असला की प्रवाह क्षणात असतो आणि क्षणात नसतो. यंत्राला वाटतं धातू गेला. उपाय दोनच: सांधा पूर्ण वेल्ड करा, किंवा एका टोकाला नायलॉनचा बुश आणि वॉशर घालून कडं कायमचं तोडा. आम्ही दुसरा केला. खर्च एका जेवणाइतकाही आला नाही.

आणि ती तार? ती त्याच नव्या चाळणीची होती. जाळी कडेला फाटत होती. जिच्या थरथरीनं डिटेक्टर ओरडत होता, तिच्यातूनच तारेचे तुकडे पडत होते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पूर्ण सेन्सिटिव्हिटीवर ती तार पकडली गेलीच असती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तार ही डिटेक्टरची सगळ्यात कठीण परीक्षा. स्टीलची बारीक तार पट्ट्याच्या दिशेनं लांब पडली तर निसटू शकते, आडवी पडली तर सापडते. लोखंडी तारेचं बरोबर उलट. म्हणून डिटेक्टर आहे म्हणून जाळी तपासायची नाही, असं कधी करू नका. आमच्याकडे आता पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी जाळी दिव्यासमोर धरून बघतात.

यंत्र खोटं वाजू लागलं की मी आता स्क्रूड्रायव्हर खिशातच ठेवतो. आधी पट्टा रिकामा फिरवतो. रिकाम्या पट्ट्यावर शांत असेल तर गोष्ट मालाची आहे. कोरड्या हळदीच्या पुडीचा डिटेक्टरवर फारसा परिणाम होत नाही. पण कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं, ओल असते, त्यामुळे तो थोडी वीज वाहून नेतो आणि यंत्राला धातूसारखा भासतो. भाजून आलेला गरम माल आणि थंड झालेला माल यांतही फरक पडतो. हळदीची सेटिंग तशीच ठेवून मसाला सोडला तर पुडीमागून पुडी बाहेर जाईल. प्रत्येक मालाची सेटिंग वेगळी शिकवावी लागते, आणि ज्या तापमानाला तो पट्ट्यावर येतो त्याच तापमानाला.

रिकाम्या पट्ट्यावरही वाजत असेल तर घड्याळ काढा. आमचा पट्टा तीन मीटरचा, मिनिटाला अठरा मीटर चालतो, म्हणजे एक फेरी दहा सेकंदांची. दर दहा सेकंदांनी आवाज आला तर दोष पट्ट्यातच आहे: रुतलेला धातूचा कण, वेल्डिंगचा थेंब किंवा सांध्याजवळची घाण. खडूनं खूण करून फेरी मोजा, जागा मिळते. याहून कमी अंतरानं, पण नियमित वाजलं तर रोलर किंवा बेअरिंगकडे बघा. अंतराला काही धरबंध नसेल तर सांगाड्यातला ढिला सांधा शोधा. आणि पट्टा थांबवूनही वाजत असेल तर कारण बाहेरून येतंय. आजूबाजूची यंत्रं एकेक करून बंद करा. मोटारींचे व्हेरिएबल ड्राइव्ह, वॉकीटॉकी, सैल झालेलं अर्थिंग, मोटारीच्याच लाइनवरून घेतलेली वीज, यांतलं काहीतरी निघतं. पावसाळ्यात धुण्याचं पाणी केबलच्या ग्लँडमधून आत शिरतं, तेही बघा.

तोंडाजवळ धातू ठेवू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती लांब ते कोणी मोजत नाही. साधा अंदाज असा: स्थिर धातू तोंडाच्या उंचीच्या दीडपट दूर आणि हलणारा दुप्पट. आमचं तोंड सव्वाशे मिलिमीटर उंच आहे, म्हणजे अंदाजे १९ आणि २५ सेंटिमीटर.

यंत्राआधी त्याचा भोवताल बघा, हा धडा नवा नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच कॉइलचं यंत्र बनवून आणलं. डॉक्टरांनी त्यांना उजव्या बाजूलाच शोधू दिलं, गोळी होती डावीकडे. आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगा यंत्राला चकवत राहिल्या, असं म्हणतात. गोळी सापडली नाही. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. जुलैत गोळी लागलेले गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले.

भोवतालचं सगळं तपासा, पण डिटेक्टरच्या कॉइलचा डबा कधीही उघडू नका. त्यात कॉइल रेझिनमध्ये घट्ट बसवलेल्या असतात. त्या बारीकशाही हलल्या की तोल जातो आणि तो कारखान्यात परत साधत नाही. त्यावर भोक पाडणं नाही, जवळ वेल्डिंग नाही, हातोडी नाही. सगळं बाहेरचं तपासून झालं आणि तरीही दोष राहिला, तर कंपनीचा माणूस बोलवा.

तक्रारीनंतर आमच्या मालकांनी सेन्सिटिव्हिटी कमी होती त्या दिवसांचा सगळा माल बाजारातून परत मागवला. बॅच नंबर नीट लिहिलेले होते, म्हणूनच ते जमलं. मला त्यांनी काढलं नाही; सेन्सिटिव्हिटीचा पासवर्ड मात्र माझ्याकडून काढून गुणवत्ता विभागाच्या ताईंकडे दिला. ते योग्यच झालं. उत्पादनाची घाई ज्याच्या डोक्यावर असते, त्याच्या हातात ते बटण नको.

आजच्या पाळीत एवढं करा. तीनही टेस्ट पीस पुडीत घालून सोडा, कडेनं नको, तोंडाच्या बरोबर मधोमध, कारण यंत्र तिथंच सगळ्यात कमजोर असतं. नुसता आवाज झाला म्हणून थांबू नका. पुडी खरोखर बाहेर फेकली गेली का, हवेचा दाब पुरेसा आहे का, बघा. दर तासाला आणि पाळी संपताना पुन्हा सोडा. आणि एकदा जरी स्टीलचा गोळा निसटला, तर पट्टा थांबवा आणि शेवटच्या यशस्वी चाचणीनंतर भरलेली प्रत्येक पुडी बाजूला काढा. गाडी दारात उभी असली तरी.