संक्रांत सरली, थंडी का सरत नाही?

प्रश्न : दिवस मोठा होऊ लागला, तरी धार-देवासकडे पहाटेचा गारठा हटत नाही. पांघरुणं कधी आवरावीत?

उत्तर : 22 डिसेंबरनंतर दिवस वाढतो खरा, पण फेब्रुवारीतही रात्रच मोठी असते आणि दिवसा मिळालेली बरीचशी उष्णता जमीन त्या लांब रात्रीत गमावते. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, हवा कोरडी, आकाश निरभ्र. उष्णता अडवायला ढग नसतात. त्यात एखादा पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचे गार वारे शिरतात. दुपारी ऊन चटकतं, मग थंडी गेलीच, असं कुणी म्हणेल. पण दुपारवर विसंबू नये. कोरड्या हवेत पहाट आणि दुपार यांच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचं अंतर सहज पडतं. रथसप्तमीला थंडी ओसरते, हा आडाखाही ढोबळच, कारण तिथी पुढेमागे होते : 2024 मध्ये ती 16 फेब्रुवारीला होती, 2025 मध्ये 4 फेब्रुवारीला. शिवाय गव्हाचा दाणा भरायला हाच गारवा लागतो. तो लवकर जावा असं शेतकरी म्हणणार नाही. तेव्हा होळीपर्यंत रजया हाताशी ठेवा, आणि घरातल्या वृद्धांना पहाटे उघड्यावर बसू देऊ नका.