चौकोनी पाइप चालेल, पण किती उंचीवर?

प्रश्न : माझा ट्रॅक्टर लहान, 15 हॉर्सपॉवरचा आहे. मागे चौकोनी पाइप बसवायचा आणि त्यात लागेल तो हूक सरकवून पिन घालायची, असं परदेशी व्हिडिओत पाहिलं. गावातल्या वेल्डरकडून करून घेऊ का? – एक शेतकरी, कुडवा (जि. गोंदिया)

उत्तर : घ्या. काम अवघड नाही. पण पाइप नेमका कुठे लावणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि खरा प्रश्न तोच आहे.

बरेच जण तो हायड्रॉलिकच्या लिंकांमध्ये पाटा टाकून त्यावर जोडतात, कारण ते सोपं पडतं. मग लिव्हर उचलला की हूकही वर जातो. आता धानाची ट्रॉली घेऊन ओल्या बांधीतून धुऱ्यावर चढायचंय असं धरा. कट्टा 40 किलोचा, म्हणजे 25 कट्ट्यांतच एक टन झाला. मागची चाकं रुतून अडली की इंजिनचा जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच एक्सलभोवती फिरवू पाहतो, आणि पुढची चाकं उचलली जातात. हूक एक्सलच्या खाली असेल तर ट्रॉलीची ओढ तोंड खाली दाबते. वर असेल तर तीच ओढ तोंड आणखी उचलते. ट्रॅक्टर मागे उलटायला मग क्लच दाबण्याइतकाही वेळ लागत नाही. जुना फोर्डसन ट्रॅक्टर असा उलटण्यासाठी बदनाम होता. हॅरी फर्ग्युसन या संशोधकाने 1926 साली पेटंट घेतलेल्या जोडणीत (आजच्या हायड्रॉलिकच्या लिंका त्याच धर्तीच्या) अवजार अडलं की वरची लिंक, म्हणजे टॉपलिंक, ट्रॅक्टरला पुढे रेटते, तोंड खाली राहतं. मात्र हा फायदा नांगरासारख्या अवजाराला. ट्रॉलीला तो मिळत नाही.

म्हणून ओढायचा पाइप एक्सलच्या खाली, कंपनीने दिलेल्या ड्रॉबारच्या जागी, तिथल्याच भोकांत नटबोल्टने पक्का करा. बोल्ट 8.8 ग्रेडचे घ्या. गिअरच्या बिडाच्या घरावर वेल्डिंग मुळीच नको, ते तडकतं. लिंकांवरचा पाइप हवाच असेल तर फवारणीची टाकी किंवा पऱ्ह्यांचे पेंढे वाहायला ठेवा. तेवढ्यासाठी तो छान आहे.

बाहेरून अडीच इंच आणि पाव इंच जाडीचा पाइप घेतला की आत दोन इंचांचा हूक बसतो. पाइपच्या आतली शिवण कानशीने घासावी लागते, नाहीतर हूक शिरतच नाही आणि वेल्डर हातोडा काढतो! पिन 16 मिलिमीटरची, तीही बाजारची तयार. सळईचा तुकडा नको, तो कधी वाकेल सांगता येत नाही. वेल्डिंग सगळं सुटं काढून टेबलावर करा. ट्रॅक्टरवरच करणं भाग पडलं तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्डिंग नको, त्या धुराने ताप येतो.