घरातली भुयारी रेल्वे

आगगाडीची प्रतिकृती म्हटली की गोल रुळांवर फिरणारी गाडी डोळ्यांपुढे येते. एच-ओ या नावाच्या १:८७ प्रमाणात नेहमीच्या वळणाची त्रिज्या सुमारे ४६ सेंटिमीटर भरते, म्हणजे मीटरभराहून रुंद फळी आली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात असा प्रस्ताव आईपुढे मांडण्याचे धाडस आपल्यापैकी किती जण करतील?

भुयारी रेल्वेला मात्र वर्तुळ लागतच नाही. गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. शेवटच्या स्थानकावर चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि गाडी उलट निघते. त्यामुळे आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशी प्लायवूडची एक पट्टी पुरते. ती भिंतीवरच्या फळीवर आरामात राहते.

नमुना कोणता घ्यावा? माझ्या मते कोलकात्याचा. भारतातील ही पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर (आजचे नेताजी भवन) अशी ३.४ किलोमीटर सुरू झाली. रस्ता वरून खोदायचा, आत काँक्रीटची पेटी बांधायची आणि वर पुन्हा रस्ता करायचा, अशा रीतीने तो मार्ग बहुतांशी तयार झाला. बंगळूरला २०१६ साली सुरू झालेले भुयार यंत्राने पोखरलेले, म्हणून गोल. पुठ्ठ्यात गोलाई साधणे कष्टाचे. चौकोनी पेटी म्हणजे बुटांचे खोकेच! आपणही कोलकात्याच्याच क्रमाने जावे : आधी रूळ, मग भिंती, शेवटी छत. छत मात्र चिकटवू नये. बोगद्यात डबा घसरला की हात आत गेला पाहिजे, आणि रुळांवरची धूळ तर वरचेवर पुसावी लागते. समोरच्या बाजूला भिंतीऐवजी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावावे, नाहीतर एवढे करून गाडी दिसणारच नाही.

आता थोडा हिशेब. खरा डबा सुमारे २० मीटरचा, म्हणजे आपला २३ सेंटिमीटरचा. आठ डब्यांची गाडी १८४ सेंटिमीटर होईल. मग ती पळणार कोठे? तीन डबे पुरेत. कोलकात्याचा हा मार्ग १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज असल्याने प्रमाणात १९ मिलिमीटरहून किंचित रुंद रूळ हवेत. बाजारात मिळतात ते १६.५ चे. शुद्धतेच्या हट्टापायी हाताने रूळ करत बसण्यापेक्षा ही तूट खाती टाकावी, असे वाणिज्य शाखेचे मत!

खऱ्या गाडीला शेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळतो. आपल्याला १२ व्होल्ट पुरतात, तेही धावत्या दोन रुळांतूनच. तिसरा रूळ शोभेचा, प्लॅस्टिकचा. धन-ऋण अदलाबदल केली की गाडी उलट धावते. त्यासाठी सहा टोकांचा दुहेरी स्विच मिळतो. पण स्विच फिरवायला क्षणभर उशीर झाला, तर गाडी फळीवरून थेट जमिनीवर! म्हणून दोन्ही टोकांशी एक रूळ कापून फट ठेवावी आणि त्या फटीवर १ अँपिअरचा डायोड जोडावा. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो. मोटारीच्या डब्याने फट ओलांडली की त्याचा प्रवाह तुटतो व गाडी थांबते. स्विच फिरवताच तोच डायोड वाट मोकळी करतो व गाडी परत निघते. थांबण्याऐवजी गाडी पुढेच जाऊ लागली, तर डायोड उलटून बसवावा. मोटार बहुधा एकाच डब्यात असते. ज्या टोकाला तो डबा सर्वांत मागे पोचतो, तेथे फटीपुढे अख्खी गाडी आणि वर दहा सेंटिमीटर मावले पाहिजेत. दुसऱ्या टोकाला एका डब्यापुरती जागा चालते.

स्थानकाच्या पाट्या बंगाली, हिंदी व इंग्रजीत रंगवाव्यात. दोन लिप्यांत वाढलेल्या आपल्याला तिसरीची भीती नको. दिव्यांना वेगळा अ‍ॅडॉप्टर द्यावा. रुळांवरचाच प्रवाह दिव्यांना दिला, तर गाडी मंदावताच सारे स्थानक अंधारात जाते.