एका इंजिनाचा इतिहास कसा शोधावा?

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची नावे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु ज्या इंजिनांच्या बळावर ती विमाने उडाली, त्या इंजिनांची घडण कशी झाली हे सांगणारा क्वचितच भेटतो. आणि भेटलाच तर तो बहुधा ऐकीव गोष्ट सांगतो. ऐकीव गोष्ट आणि इतिहास यांतील भेद कसा ओळखावा, हे आपण रोल्स-रॉईस कंपनीच्या ‘मर्लिन’ इंजिनाच्या उदाहरणाने पाहू. इंग्लंडच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांत हेच इंजिन होते. आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी जी हरिकेन विमाने चालविली, त्यांतही तेच होते.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्लंडच्या दंतकथांत मर्लिन नावाचा एक जादूगार आहे. इंजिनास त्याचेच नाव दिले असावे, असा समज सहज होतो. परंतु त्या कंपनीच्या त्या काळातील इतर इंजिनांची नावे शेजारी मांडली, तर केस्ट्रल, पेरेग्रिन, व्हल्चर अशी शिकारी पक्ष्यांची नावे आढळतात. मर्लिन हाही ससाण्याच्या जातीचा एक लहान पक्षी होय. एकट्या पुराव्यापेक्षा शेजारी ठेवून पाहिलेला पुरावा अधिक बोलका असतो, हा पहिला धडा.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. बारा सिलिंडरांचे व २७ लिटर आकारमानाचे हे इंजिन १९३३ च्या ऑक्टोबरात प्रथम चालविण्यात आले. त्याची शक्ती किती, असे कोणी विचारल्यास एका आकड्याने उत्तर देता येत नाही. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. म्हणून सुपरचार्जर नावाच्या पंख्याने हवा दाबून आत सोडावी लागते. मर्लिन-३ हे इंजिन ८७ ऑक्टेनच्या इंधनावर सुमारे १६,००० फुटांवर १,०३० अश्वशक्ती देई. १०० ऑक्टेनचे इंधन आल्यावर हवेचा दाब अधिक वाढविणे शक्य झाले आणि सुमारे ९,००० फुटांवर तेच इंजिन १,३०० अश्वशक्ती देऊ लागले. तेव्हा कोणत्या उंचीवर व कोणत्या इंधनावर, हे विचारल्यावाचून कोणताही आकडा स्वीकारू नये.

तिसरा प्रश्न तारखांचा. आणि खरी परीक्षा येथेच होते. मर्लिनमध्ये इंधन पुरविण्यासाठी तरंगकाट्याचा कार्बुरेटर होता, तर जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ विमानातील इंजिनात इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई. जर्मन वैमानिक एकाएकी नाक खाली करून सूर मारी. स्पिटफायरने तसेच केले, तर कार्बुरेटरमधील इंधन वर उसळे, इंजिन अडखळे, पाठोपाठ अतिरिक्त इंधन आत शिरून ते गुदमरे. आणि तेवढ्यात शत्रू निसटे. फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेतील अभियंता बिॲट्रिस शिलिंग यांनी यावर एक साधा उपाय काढला. इंधनाच्या मार्गात नेमक्या मापाच्या छिद्राची एक लहानशी पितळी टोपी बसविली की, इंजिनास पूर्ण शक्तीसाठी लागते तेवढेच इंधन आत जाई, अधिक नाही.

या टोपीने १९४० ची ब्रिटनची हवाई लढाई जिंकून दिली, असे कधीकधी सांगितले जाते. आता तारखा पाहा. ती लढाई १९४० च्या ऑक्टोबरअखेर संपली. टोपी तुकड्यांपर्यंत पोहोचली १९४१ साली. म्हणजे लढाई दोष असलेल्या इंजिनांवरच लढली गेली. सूर मारण्यापूर्वी विमान कुशीवर उलटवावयाचे, म्हणजे इंधन जागेवर राहते, ही युक्ती वैमानिक योजीत. दंतकथा खरी मानली, तर त्यांचे हे कौशल्य व धैर्य पुसले जाते. शिलिंगबाईंचे श्रेय मात्र तारखेमुळे यत्किंचितही उणे होत नाही. पुढील काळातील वैमानिकांना त्यांच्या टोपीचा मोठाच आधार झाला.

मग रोल्स-रॉईसच्या अभियंत्यांना फवाऱ्याची युक्ती सुचलीच नव्हती काय? तसे नाही. कार्बुरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा अधिक दाट असते आणि त्यामुळे शक्ती वाढते, असा त्यांचा हिशेब होता. एका लाभासाठी त्यांनी दुसरी उणीव पत्करली होती. मागे वळून पाहताना जी चूक भासते, ती पुष्कळदा विचारपूर्वक केलेली निवड असते.

विद्यार्थिमित्रहो, इंजिनाचा असो वा आपल्या शाळेचा, इतिहास शोधताना नाव शेजारच्या नावांशी, आकडा परिस्थितीशी आणि गोष्ट तारखेशी ताडून पाहावी. ज्याचे श्रेय त्याच्या पदरी घालणे, हेच इतिहासाभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.